‘टू बीएचके फुल पेंटिंग, मालासकट’: एका ओळीच्या कोटेशनमध्ये बुडालेले २३ हजार

श्रावण लागला की ठाणे, डोंबिवली, कल्याण पट्ट्यात रंगाऱ्यांचे फोन वाजायला लागतात. गणपतीच्या आधी घर रंगवून हवं असतं, दिवस थोडे असतात आणि त्या घाईत व्हॉट्सॲपवर एक ओळ जाते: ‘टू बीएचके फुल पेंटिंग, मालासकट, ५६,०००. अर्धे आधी.’ समोरून ‘ओके, उद्यापासून या’ असं उत्तर येतं आणि काम सुरू होतं. खाली मांडलेला हिशोब अशाच एका कामाचा आहे. रंगारी चांगला कारागीर, हाताखाली तीन माणसं, काम ठरल्या दिवशी पुरं. तरी ५६,००० पैकी हातात आले ४४,००० आणि वर ११,६९६ रुपयांचं काम फुकटात गेलं.

उदाहरण रंगकामाचं आहे, पण टाइल्स, प्लंबिंग, वायरिंग, फॅब्रिकेशन कुठल्याही उक्त्या कामात पैसे याच वाटेने जातात. रेट गावाप्रमाणे बदलतात, त्यामुळे आकड्यांपेक्षा ते कुठून निसटले ते बघा.

सुरुवात ‘फुल’ या शब्दापासून झाली. रंगाऱ्याच्या डोक्यात फुल म्हणजे आतल्या भिंती आणि छत. पार्टीच्या, म्हणजे काम देणाऱ्या घरमालकाच्या, तोंडी फुल म्हणजे नजरेला पडेल ते सगळं. चौथ्या दिवशी खिडक्यांच्या ग्रिल निघाल्या: ‘फुल म्हणाला होतात ना?’ चार ग्रिल, प्रत्येकी ४ बाय ४ फूट, गंज घासून रेड ऑक्साइड प्रायमर आणि इनॅमलचे दोन हात. ग्रिलचं माप एका बाजूच्या चौकटीचं घेतात, त्यातच दोन्ही बाजू आल्या. म्हणजे ६४ चौरस फूट, १८ रुपयांनी १,१५२. मग पाच दरवाजे दोन्हीकडून. ३ बाय ७ चा फ्लश दरवाजा म्हणजे २१ चौरस फूट, पण कडांचं काम धरून बांधकामाच्या मोजमापाच्या आयएस १२०० या भारतीय मानकात फ्लश दरवाजाला दर बाजूला १.२ पट माप आहे. एका दरवाजाचे ५०.४, पाचांचे २५२ चौरस फूट, २२ रुपयांनी ५,५४४. मग दोन पोटमाळे आतून, १,५०० रुपयांचे. सातव्या दिवशी हॉल आणि एका बेडरूमला पहिला हात वाळल्यावर शेड आवडली नाही. ७०० चौरस फुटांवर एक हात वाया गेला, नव्या शेडचे दोन हात परत मारावे लागले. टिंटिंग मशीनवर शेड बनवलेला डबा दुकानदार परत घेत नाही. वाया गेलेला रंग आणि मजुरी मिळून पाच रुपये फुटाने ३,५०० गेले. चारही मिळून ११,६९६.

प्रत्येक वेळी रंगारी म्हणाला, ‘याचे वेगळे होतील.’ प्रत्येक वेळी उत्तर आलं, ‘बघू, शेवटी करू हिशोब.’ ते शेवटी बिलात लिहिलं तेव्हा पार्टीने मोबाइल उघडून तीच एक ओळ दाखवली. त्या ओळीत ग्रिल नाही असं कुठे लिहिलंय? खरंच कुठे लिहिलं नव्हतं.

राहिले १२,०००, ते अडकले ओलीमध्ये. बाथरूमला पाठ लागलेली बेडरूमची भिंत. काम संपून पंधरा दिवस झाले नाहीत तोच जमिनीपासून दोन फुटांपर्यंत पोपडे आले, पांढरी पूड झडायला लागली. ‘तुमचं काम खराब, ते नीट करा, मग शेवटचे पैसे.’ ही भिंत किती वेळा रंगवली तरी नीट होणार नव्हती. नहाणी ट्रॅपच्या (बाथरूमच्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या पाइपच्या) जोडातून किंवा टाइल्सच्या सांध्यांतून पाणी भिंतीत मुरतं, विटा-प्लास्टरमधले क्षार विरघळवून बाहेर आणतं, पाणी उडतं, क्षार पृष्ठभागावर जमतात आणि रंगाला मागून ढकलतात. भिंतीला लोणा लागतो तो असा. पाण्याची वाट बंद झाल्याशिवाय वर कितीही महाग इमल्शन मारा, ते सुटणारच. रंगाऱ्याला हे पहिल्या दिवशीच माहीत होतं, भिंतीवर हात ठेवून त्याने ‘इथे ओल आहे’ असं सांगितलंही होतं. पण ते तोंडी होतं.

एवढा मोठा आकडा अडकला कसा, तेही बघा. ‘अर्धे आधी’ लिहिलं होतं, प्रत्यक्षात मिळाले १५,०००. मध्येच मागितल्यावर १३,०००. शेवटचा हात मारून होईपर्यंत ५६,००० चं सगळं काम भिंतीवर चढलं होतं आणि अर्धे पैसे, २८,०००, पार्टीच्या खिशात होते. त्यातले १६,००० दिले, १२,००० धरून ठेवले. या कामात मालाला २२,००० आणि मजुरी, टेम्पो, येणं-जाणं मिळून २६,००० लागले होते. खर्चच ४८,००० आणि मिळाले ४४,०००. वाढीव कामाचा रंग तर या हिशोबात धरलेलाही नाही.

आता कोटेशनकडे येऊ. पहिली गोष्ट मापाची, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथे हरवतो. पार्टी फोनवर सांगते, ‘साडेसहाशे स्क्वेअर फूट आहे, रेट बोला.’ हा जमिनीचा कार्पेट एरिया. रंग भिंतींना आणि छताला लागतो. १० बाय १२ ची एक खोली घ्या, उंची साडेनऊ फूट. चार भिंतींची लांबी ४४ फूट, गुणिले साडेनऊ, ४१८. छत १२०. एकूण ५३८ चौरस फूट, जमीन मात्र १२०. टाइल्स लावलेली बाथरूम आणि किचनचा ओटा वगळले तरी पूर्ण फ्लॅटला कार्पेटच्या तीन ते साडेतीन पट माप येतं. ‘२८ रुपये स्क्वेअर फूट’ एवढंच लिहिलं तर ते कार्पेटला की भिंतीला, यावरून भांडण ठरलेलं. ब्रासमध्ये लिहिणारेही फसतात: क्षेत्रफळाचा ब्रास १०० चौरस फुटांचा, वाळू-खडीचा ब्रास १०० घनफुटांचा. घरमालकाला दुसराच माहीत असतो. चौरस फूट असंच लिहा.

दारं-खिडक्यांची वजावटही आधी ठरवा. त्याच खोलीत ३ बाय ७ चा दरवाजा आणि ४ बाय ४ ची खिडकी वजा केली की ३७ चौरस फूट जातात, ५३८ चे ५०१ होतात. शेवटी बिलाच्या वेळी कुणीतरी टेप घेऊन येतं आणि प्रत्येक खोलीतून असे तीस-चाळीस फूट काढून घेतं. आयएस १२०० ची पद्धत अशी की अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं, म्हणजे साधारण साडेपाच चौरस फुटांचं भोक वजा करायचं नाही. अर्धा ते ३ चौरस मीटरचं, भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकसारखंच काम असेल तर, एकाच बाजूने वजा करायचं, कारण चौकटीलगतच्या कडांना हात लावावाच लागतो आणि त्याचं वेगळं माप धरत नाहीत. खासगी कामात हीच पद्धत पाळली पाहिजे असं नाही. पण कुठली पाळणार ते एका ओळीत लिहिलेलं हवं आणि माप दोघांनी मिळून, काम सुरू होण्याआधी घेतलेलं हवं. मापाच्या कागदाचा फोटो काढून त्याच दिवशी पार्टीला पाठवा.

मग कामाचं वर्णन. वरच्या कामाला ही ओळ असती तर निम्मं भांडण झालंच नसतं:

‘हॉल, किचन, दोन बेडरूम, पॅसेज. फक्त आतल्या भिंती व छत. दोघांनी मिळून घेतलेलं माप २,००० चौ. फूट, वजावट मापाच्या कागदाप्रमाणे. सुटलेला जुना रंग खरवडणे, पुट्टीचे दोन हात, पॉलिश पेपर, वॉटर बेस प्रायमरचा एक हात, इंटीरियर इमल्शनचे दोन हात (कंपनी, प्रकार व शेड नंबर खाली). दर २८ रु. चौ. फूट, माल व मजुरीसह. एकूण ५६,००० रु. कोटेशन १५ दिवस वैध.’

आणि याच्या खाली, तितक्याच ठळक अक्षरात, काय नाही ते:

‘यात नाही: दरवाजे, ग्रिल, पोटमाळे, बाल्कनी, बाहेरची भिंत, पीओपी दुरुस्ती, फर्निचर हलवणे, ओल काढणे, डेब्रिज उचलणे. पहिला हात मारल्यावर शेड बदलल्यास त्या भागाच्या प्रत्येक जादा हाताला ५ रु. चौ. फूट. यादीतलं काम हवं असल्यास दर: ग्रिल १८ रु., दरवाजे २२ रु. चौ. फूट (माप आयएस १२०० प्रमाणे).’

‘यात नाही’ लिहायला बहुतेक कारागीर कचरतात. पार्टी बिचकेल, काम दुसऱ्याकडे जाईल असं वाटतं. उलट अनुभव असा की चांगली पार्टी हीच यादी बघून निश्चिंत होते आणि ‘ग्रिलही धरा मग’ म्हणून कामच वाढवून देते. यादी बघून जो चिडतो, त्याला बिलाच्या दिवशी भांडायचंच असतं. त्याचं काम गेलेलं बरं.

मालाचा हिशोब कोटेशनमध्ये दाखवलाच पाहिजे असं नाही, पण स्वतःपाशी पक्का हवा. २,००० चौरस फुटांना पुट्टीचे दोन हात म्हणजे बऱ्या भिंतीवर किलोला १२ ते १५ फूट धरून साधारण १५० किलो, ४० किलोच्या चार बॅगा. प्लास्टर उंचसखल असेल तर तिसरा हात लागतो आणि चाराच्या सहा बॅगा होतात. डब्यावर छापलेलं कव्हरेज गुळगुळीत भिंतीवरचं असतं, ते धरून रेट काढला की माल कमी पडतो. म्हणून मापाच्या दिवशी एक लांब सरळ पट्टी भिंतीला लावून बघा आणि दोन हातांनी भागणार नाही असं दिसलं तर तिथेच लिहा. प्रायमर साधारण २० लिटर. इमल्शनचे दोन हात लिटरला ६० फूट धरले तर ३३ लिटर, म्हणजे २०, १० आणि ४ चे डबे. डब्यांचं सील पार्टीसमोर तोडा आणि रिकामे डबे बिल मिळेपर्यंत जागेवरच ठेवा. ‘दुसऱ्याच रंगाचा माल मारला’ हा आरोप पैसे अडवायला फार सोपा आहे, आणि काही ठेकेदार खरंच तसं करतात म्हणून लोकांना तो पटतोही.

‘माल आमचा, मजुरी तुमची’ या कामात उलटा धोका. पार्टी पुट्टीच्या दोनच बॅगा आणते, जुना अर्धा डबा काढून देते, भिंत ढगाळ दिसली की ‘हात बरोबर नाही’ म्हणते. अशा वेळी लागणाऱ्या मालाची यादी लिटर-किलोंसह आपण लिहून द्यायची आणि त्याखाली ‘यापेक्षा कमी किंवा वेगळा माल मिळाल्यास फिनिशिंगची जबाबदारी राहणार नाही’ ही ओळ घालायची.

ओलीसाठी एक साधी चाचणी आहे. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिकचा तुकडा संशय असलेल्या भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि पूर्ण दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब असले किंवा खालचं प्लास्टर काळपट पडलं असलं तर भिंतीत पाणी आहे. थेंबांचा फोटो, पार्टीला मेसेज: ‘बेडरूमच्या या भिंतीत ओल आहे. आधी बाथरूमचं लिकेज काढावं. तसं न करता रंगवायचं असेल तर या भिंतीची गॅरंटी नाही. लेखी कळवा.’ उत्तर येईपर्यंत ती भिंत सोडून बाकीचं काम चालू ठेवा. वरच्या रंगाऱ्याचे १२,००० या एका मेसेजने वाचले असते.

वाढीव कामालाही हाच नियम. पार्टी तोंडी म्हणाली, ‘जरा हे पण करून टाका,’ की ब्रश उचलण्याआधी मेसेज करा: ‘४ ग्रिल, ६४ चौ. फूट, १८ रु. ने १,१५२ रु. वाढीव. मंजूर असल्यास कळवा.’ निळ्या टिक म्हणजे मंजुरी नव्हे, त्यावरून फक्त मेसेज वाचल्याचं कळतं. ‘हो’ किंवा ‘मंजूर’ हा शब्द येऊ द्या. घरात निर्णय एकाने घ्यायचा हेही कोटेशनमध्ये लिहा. दिवसा घरी असलेल्या सासूबाई सांगतात, संध्याकाळी आलेला मुलगा म्हणतो मी सांगितलंच नाही, आणि दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात.

पैशांचे टप्पे दिवसांवर किंवा ‘अर्धं काम’ अशा शब्दांवर बांधू नका, डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवर बांधा. अर्ध्यापेक्षा जास्त मजुरी खरवडणं, पुट्टी आणि घासण्यातच जाते, पण पार्टीला तेव्हा भिंत नुसती पांढरी दिसते आणि ‘अजून तर रंगही लागला नाही’ म्हणून पैसे पुढे ढकलले जातात. ५६,००० च्या कामाला असं बांधता येतं: माल आणण्याआधी १६,८००, प्रायमर पूर्ण झाल्यावर १६,८००, इमल्शनचा पहिला हात झाल्यावर १६,८००, काम ताब्यात देताना ५,६००. खाली एक ओळ: ‘टप्प्याचे पैसे जमा झाल्यावर पुढचा टप्पा सुरू होईल.’ असं असतं तर त्या पार्टीच्या हातात धरून ठेवायला जास्तीत जास्त ५,६०० उरले असते. ही ओळ लिहून नंतर भिडेखातर मोडणारे पुष्कळ आहेत. दुसऱ्या टप्प्याला ‘उद्या देतो’ ऐकल्यावर माणसं दुसऱ्या साइटवर पाठवा, वाद घालू नका.

जीएसटीची एक खोच आहे. काम ठरताना ‘बिल नको’ म्हणणारी पार्टी शेवटी ऑफिससाठी टॅक्स बिल मागते आणि ‘५६,००० मध्ये टॅक्स धरलेलाच होता’ म्हणते. १८ टक्के आतून काढला तर ८,५४२ रुपये जातात, म्हणजे कामातला सगळा नफा. नोंदणी असेल तर ‘जीएसटी वेगळा’ हे आकड्याच्या शेजारीच लिहा. नोंदणी नसेल तर जीएसटी आकारताच येत नाही, तेही आधीच सांगा.

सविस्तर कोटेशन दिलं की ते दुसऱ्याला दाखवून रेट पाडतात, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे कोटेशनमध्ये कामाचं वर्णन, दर आणि एकूण रक्कम द्यायची, खोलीवार मापाचा कागद मात्र काम पक्कं झाल्यावर. माप घ्यायला जाण्याचे दोन-तीनशे रुपये घ्या, काम मिळाल्यावर बिलातून वळते करा. आणि फोनवरून आकडा मागितला तर देताना ‘अंदाज’ हाच शब्द वापरा, ‘जागा बघून बदलेल’ हे जोडून. अंदाज बदलू शकतो. कोटेशन मात्र समोरच्याने मान्य केलं की भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे तो करार झाला, त्यात आपणही बांधले जातो.

ज्यांचे पैसे आधीच अडकले आहेत त्यांनी मोबाइल बदलू नये आणि चॅट पुसू नये. चॅट पुरावा म्हणून चालतं, पण कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. वाढीव कामाची लेखी मंजुरी नसली तरी सगळं संपलं असं नाही. करार कायद्याच्या कलम ७० मध्ये सांगितलंय की फुकट करण्याच्या हेतूने न केलेल्या कामाचा समोरच्याने फायदा घेतला असेल तर त्याने मोबदला दिला पाहिजे. रंगवलेल्या ग्रिलचे आधीचे-नंतरचे फोटो इथे उपयोगी पडतात. पार्टी आपल्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाऊ शकते. आपल्या बिलाच्या वसुलीसाठी आपल्याला तिथे जाता येत नाही, दिवाणी मार्गच धरावा लागतो. त्याला मुदत तीन वर्षं. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज करून लोक अदालतीत तडजोड करता येते, छोट्या रकमेला हा रस्ता बरा.

चेक मिळाला असेल तर तारखा सांभाळा. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत टाकायचा. परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, स्पीड पोस्टाने, पावती जपून. नोटीस मिळाल्यावर पार्टीला १५ दिवस असतात. त्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार. ‘पुढच्या आठवड्यात परत टाका’ असं गोड बोलून हे ३० दिवस घालवले जातात. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो हातात पडला त्या दिवशीच त्याच्या मागे तारीख लिहा आणि नोटीस पाठवायची शेवटची तारीखही तिथेच लिहून ठेवा.